डॉक्टरांची वर्गणी उमेदवारांना जात नाही
अमेरिकन मेडिकल असोसिएशन या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेची वर्गणी भरली की ती थेट निवडणुकीतल्या उमेदवारांना जाते, असा समज बराच काळ फिरतो आहे. तो चुकीचा आहे. संघटनेच्या तिजोरीतून फेडरल, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या, उमेदवाराला देणगी द्यायला अमेरिकी कायद्यानेच बंदी आहे. उमेदवारांना देणग्या देण्यासाठी १९६१ पासून ‘ॲम्पॅक’ हा वेगळा निधी आहे. त्यात पैसे द्यायचे की नाही, हे सर्वस्वी डॉक्टरांच्या मर्जीवर. न दिल्यास सदस्यत्वाला धक्का लागत नाही. एका व्यक्तीला या निधीत वर्षाला कमाल ५,००० डॉलर देता येतात आणि वर्षभरातली रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की देणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय जाहीर होतो. लॉबिंग, म्हणजे कायदे करणाऱ्यांपुढे आपली बाजू मांडणं, आणि ‘ॲम्पॅक’चा कार्यालयीन खर्च मात्र वर्गणीतून करता येतो. माझ्या मते गोंधळ इथूनच सुरू होतो, आणि त्यापायी सदस्यत्व सोडणं मला खरंच खटकतं.