संगणकाला जुना कॅमेरा का दिसत नाही?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावांत आजही असे फोटो स्टुडिओ आहेत, ज्यांच्या कपाटांत २००० नंतरच्या दशकातले डिजिटल कॅमेरे, हँडीकॅम आणि लग्नांच्या मिनी डीव्ही कॅसेटी जपून ठेवलेल्या आहेत. कुणाला आजोबांचा एखादा फोटो हवा असतो, कुणाला आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी जमलेल्या लेकींचे चित्रीकरण. कॅमेरा बाहेर निघतो, चार्ज होतो, सुरूही होतो, परंतु संगणकाला जोडल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही आणि ‘कॅमेरा गेला’ असा निकाल दिला जातो. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. कॅमेऱ्याचे भिंग, संवेदक आणि त्यातील चित्रे शाबूत असतात. तुटलेला असतो तो वेगवेगळ्या काळांत घडलेल्या दोन यंत्रांमधला संवाद, आणि तो कोणत्या पायरीवर तुटला हे थोड्या निरीक्षणाने ओळखता येते.

सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांना संगणकाच्या सीरियल पोर्टला जोडावे लागे आणि त्यातून चित्रे अतिशय संथपणे उतरत. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. इंटेलमध्ये तिच्यावर काम करणाऱ्यांत भारतात जन्मलेले अभियंते अजय भट्ट हे प्रमुख होते. जुन्या कॅमेऱ्यांच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि माहिती वाहून नेणाऱ्या दोन. आज घरात सापडणाऱ्या अनेक केबली केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांत माहितीच्या दोन तारा नसतातच. अशा केबलने कॅमेरा जोडला, तर काही कॅमेऱ्यांवर दिवा लागतो, जोडणी झाल्याचा भास होतो, आणि संगणकाला मात्र त्याचा पत्ताही नसतो. त्यातच अनेक कंपन्यांनी कॅमेऱ्यावर स्वतःच्या घडणीचे छोटे पोर्ट बसवले होते, ज्यांत वरवर सारखी दिसणारी दुसरी पिन बसत नाही किंवा अर्धवट बसते. म्हणून सर्वप्रथम संशय घ्यायचा तो केबलवर, आणि तीच केबल दुसऱ्या एखाद्या चालू उपकरणाला लावून तिची परीक्षा घ्यायची.

केबल चांगली असेल, तर पुढचा पुरावा कानाने मिळतो. कॅमेरा जोडला जाताच तो स्वतःकडील एका माहितीच्या तारेला दीड किलोओहमच्या रोधकामार्फत सुमारे ३.३ व्होल्टवर ओढून धरतो. तारेवर हा दाब दिसला की कुणीतरी आले आहे हे संगणक ओळखतो आणि त्याला ‘तू कोण, कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा’ असे ठरावीक प्रश्न विचारतो. विंडोज संगणकावर जोडणीच्या वेळी वाजणारा सूर हा या ओळखपरेडीचाच आवाज असतो. सूर वाजलाच नाही, तर दोष केबल, पोर्ट किंवा विजेच्या पायरीवर आहे असे समजावे. सूर वाजला, पण फोटो दिसत नाहीत, तर दोष भाषेचा आहे आणि केबली बदलत बसण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रकारच्या दोषात आपल्या हवामानाचा वाटा मोठा असतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काळ्या मातीची बारीक धूळ कुठेही शिरते, आणि जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. पोर्टच्या पिनांवर बसलेला हा थर पावसाळ्यातील ओलाव्याने चिकट होतो. तो काढण्यासाठी बॅटरी काढून, मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने साफ करावे आणि पूर्ण वाळू द्यावे. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्यासोबत थुंकीचे कण आत जातात. खोडरबर किंवा पॉलिश पेपर घासून पिना चमकवण्याचा उपाय तर नेमका उलटा पडतो: संपर्कबिंदूंवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, आणि तो गेला की खालचा धातू गंजू लागतो.

भाषेचा प्रश्न अधिक गमतीचा आहे. त्या काळातले कॅमेरे संगणकाशी मुख्यतः दोन पद्धतींनी बोलत. ‘मास स्टोरेज’ पद्धतीत कॅमेरा स्वतःला पेन ड्राइव्हसारखी साधी डिस्क म्हणून सादर करतो. ‘पीटीपी’ पद्धतीत तो आपण कॅमेरा आहोत असे सांगतो आणि मागितलेले चित्र एकेक करून देतो. अनेक कॅमेऱ्यांच्या सेटअप मेनूत यूएसबी नावाच्या ओळीखाली ही निवड बदलता येते, पण तिथपर्यंत फार थोडे लोक जातात. एका पद्धतीत दिसत नसेल, तर कॅमेरा बंद करून दुसरी निवडावी आणि पुन्हा जोडावे. या दोन्ही पद्धती जगमान्य असल्यामुळे त्यांना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाची भाषा संगणकाला समजावणारा प्रोग्राम, लागत नाही. ज्या अगदी जुन्या कॅमेऱ्यांना सोबतच्या सीडीवरील खास ड्रायव्हर लागत असे, त्यांची मात्र पंचाईत आहे, कारण ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्ये चालत नाही. त्यांच्यासाठी एखादा विंडोज एक्सपीचा जुना संगणक इंटरनेटला न जोडता राखून ठेवणे हा माझ्या मते सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. नव्या संगणकाच्या यूएसबी ३ पोर्टवर जुना कॅमेरा अडखळत असेल, तर मध्ये साधा यूएसबी २ हब लावल्याने कित्येकदा काम होते.

कधीकधी बिघाड नसतोच, असतो तो केवळ संथपणा. यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे व्यवहारात जेमतेम एक मेगाबाइट. २ जीबीचे भरलेले कार्ड या वेगाने उतरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, आणि त्या काळातले बहुतेक कॅमेरे यूएसबीमधून वीज न घेता स्वतःच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या, बॅटरीवर चालतात. बॅटरी मध्येच झोपली की जोडणी तुटते आणि दोष संगणकावर येतो.

म्हणूनच फोटोंच्या बाबतीत माझा सल्ला असा की कॅमेऱ्याला या व्यवहारातून वगळावे. कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालावे. इथेही एक खोच आहे. एसडी, एसडीएचसी आणि एसडीएक्ससी कार्डे दिसायला सारखी असली तरी आतून वेगळी आहेत. मूळ एसडीत प्रत्येक बाइटचा पत्ता दिला जाई. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसीत ५१२ बाइटच्या गठ्ठ्यांना पत्ते देण्यात आले, जेणेकरून ३२ जीबीपर्यंतची कार्डे बनवता यावीत. त्यामुळे नवा रीडर जुने कार्ड वाचतो, पण जुना रीडर किंवा जुना कॅमेरा नवे कार्ड ओळखत नाही. आज बाजारातून ३२ जीबीचे कार्ड आणून २००४ च्या कॅमेऱ्यात घातले आणि ते चालले नाही, तर कॅमेऱ्याला दोष देता येणार नाही. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांतील स्मार्टमीडिया आणि एक्सडी कार्डांत स्वतःचे नियंत्रक परिपथ नसतात, म्हणून त्यांना त्यांच्याच प्रकारचा रीडर शोधावा लागतो. कोणतेही कार्ड घातल्यावर संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले, तर उत्तर नकारार्थीच द्यावे. कार्डात माहिती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने अडकवून ठेवलेली असते आणि उष्णतेत ते इलेक्ट्रॉन निसटण्याचा वेग वाढतो. पत्र्याच्या छताखाली अनेक उन्हाळे काढलेले कार्ड प्रथम वाचून घ्यावे आणि मगच त्याच्याशी बाकीचे प्रयोग करावेत.

मिनी डीव्ही कॅसेटींच्या बाबतीत ही पळवाट नाही, आणि खानदेशातील लग्नांचा एका दशकाचा इतिहास याच कॅसेटींत आहे. १९९५ मध्ये आलेल्या या पद्धतीत चित्र फितीवर डिजिटल स्वरूपातच असते, पण ते बाहेर काढण्याचा योग्य मार्ग म्हणजे फायरवायर नावाची वेगळी जोडणी, जिला सोनी आयलिंक म्हणत असे. हँडीकॅमवर यूएसबी पोर्टही असते, म्हणून लोक तीच केबल लावतात. बहुसंख्य हँडीकॅममध्ये त्यातून कार्डावरचे फोटो किंवा हलक्या दर्जाचे चित्रच मिळते. फायरवायरची रचना यूएसबीपेक्षा मुळातच वेगळी आहे. यूएसबीवरून फाइल पाठवताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा मागवला जातो. फायरवायरवर मात्र कॅमेऱ्यासाठी दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक जागा राखलेली असते, आणि पाटाच्या पाण्याच्या पाळीप्रमाणे ती हुकली की हुकली. फीत सरकत राहते, चित्र थांबत नाही. यामुळेच एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायरची पिन असलेली स्वस्त केबल कामाची नाही: तिच्यात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, पाळी सांभाळणारा नियंत्रक नसतो. डेस्कटॉप संगणकात फायरवायर कार्ड बसवणे हाच खात्रीचा उपाय आहे, आणि विंडोज १० मध्ये ते अडखळले तर मायक्रोसॉफ्टचा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर निवडून पाहावा. मॅकवाल्यांनी जपून अपडेट करावे, कारण २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधार काढून टाकण्यात आला आहे.

फायरवायर जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. सहा पिनांच्या टोकात ३० व्होल्टपर्यंतची वीज असू शकते, आणि ते उलटे दाबून बसवले तर कॅमेऱ्याचे पोर्ट क्षणात जळते. स्टुडिओंतील कॅमेऱ्यांच्या बंद पडलेल्या अनेक फायरवायर पोर्टांचे कारण हेच असावे, असा माझा कयास आहे. कॅप्चरिंग, म्हणजे फितीवरचे चित्र संगणकात उतरवणे, घटनेच्याच वेगाने होते, म्हणजे एका तासाच्या कॅसेटला एक तास आणि सुमारे १३ जीबी जागा लागते, तेव्हा लोडशेडिंगची वेळ पाहून सुरुवात करावी.

जोडणी नीट होऊनही चित्रावर चौकोनी ठिपके आले, तर केबलचा विचार सोडून फितीकडे वळावे. सर्वसाधारण रेकॉर्डिंगमध्ये फितीवर चित्र नोंदवणारा प्रत्येक पट्टा १० मायक्रॉन रुंद असतो, तर एक तासाच्या कॅसेटवर दीड तास बसवणाऱ्या एलपी पद्धतीत तो ६.७ मायक्रॉनपर्यंत आकसतो, आणि इतका बारीक पट्टा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, नीट सापडत नाही. शक्य असेल तर ज्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले, त्याच कॅमेऱ्यात ती कॅसेट वाजवावी. सोनीच्या पीडी-१७० सारख्या व्यावसायिक कॅमेऱ्यावर डीव्हीकॅम ही रेकॉर्डिंगची पद्धत निवडलेली असेल, तर फीत दीडपट वेगाने धावते, तासाची कॅसेट ४० मिनिटांत संपते, आणि घरगुती हँडीकॅम ती वाचेलच असे नाही. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून कॅमेरा बाहेर आणला आणि पडद्यावर दमटपणाची सूचना आली, तर कॅमेऱ्यातील कॅसेटच्या कप्प्याचे झाकण उघडे ठेवून तासभर थांबावे. फीत ज्यावरून फिरते त्या ओल्या ड्रमला ती चिकटते, आणि चिकटलेली फीत ओढून काढताना त्यावरचे चित्रीकरण कायमचे जाऊ शकते.