सबस्टेशनातली खडी कशासाठी?

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि कळवा, पडघा ही सबस्टेशनं एका दिवसात सगळ्यांना तोंडपाठ झाली. 400 केव्हीच्या अशा यार्डात नजर वर तारांकडे जाते. मला मात्र खाली पसरलेली खडी आवडते. चिखल आणि गवत होऊ नये म्हणून ती टाकतात, असा समज आहे. तोही फायदा आहेच, पण दुय्यम. तिचं खरं काम माणसाला झटक्यापासून वाचवण्याचं.

'वीज जमिनीत गेली की संपली' हेही खरं नाही. फॉल्टचा, म्हणजे बिघाडात तारेतून जमिनीत शिरलेला प्रवाह जमिनीतून वाट काढत ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे, म्हणजे त्याच्या जमिनीला जोडलेल्या टोकाकडे परततो. यार्डाखाली अर्धा-पाऊण मीटर खोल पोलादी जाळी पुरलेली असते आणि प्रत्येक खांब तिला जोडलेला असतो. समजा, तिच्यातून 10,000 अँपिअर जमिनीत उतरले आणि तिचा रोध अर्धा ओहम आहे. म्हणजे ब्रेकर पडेपर्यंत अख्खी जाळी दूरच्या जमिनीपेक्षा 5,000 व्होल्टने वर!

हा आकडा एकटा माणसाला मारत नाही. मारतो तो फरक. दोन पावलांमधला, किंवा खांबाला लागलेला हात आणि पाय यांच्यातला. (तुटून पडलेल्या तारेजवळ गुरं दगावतात ती यामुळेच: पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त आणि प्रवाहाच्या वाटेत हृदय.)

आता खडी. गणितात शरीराचा रोध 1,000 ओहम धरतात आणि एका पावलाखालचा रोध आकड्यात जमिनीच्या रोधकतेच्या (ती माती वा दगड प्रवाहाला किती अडवतात त्या मापाच्या) साधारण तिप्पट. ओल्या मातीची रोधकता 50 ओहम-मीटर धरली तर एका पावलाला 150 ओहम. ओल्या खडीची 3,000 धरली तर 9,000! हात खांबाला लागला तर दोन्ही पाय समांतर, म्हणजे मातीवर एकूण 1,075 ओहम, खडीवर 5,500. प्रवाह पाचव्या हिश्शावर. चालताना पाय एकसरीत येतात: 1,300 विरुद्ध 19,000. जेमतेम वीतभर दगडांचा थर हे करतो.

दसऱ्याला पॅनलला झेंडूचा हार जरूर घाला, पण 'जन्मभर देखभाल नको' म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्थिंगवर विसंबू नका. जमिनीतल्या जाळीचा रोध दरवर्षी मोजावाच लागतो, तोही जमीन कोरडी असताना. पावसाळ्यात आकडा फसवा चांगला येतो.

आपल्याकडच्या पावसाने खडी भिजते, त्याने फारसं बिघडत नाही, कारण पाणी फटींतून निघून जातं. त्या फटींत गाळ बसला की मात्र खडीची माती होते. मग ती उपसून, चाळून, धुऊन पुन्हा पसरावी लागते.