हरवलेले मूकपट सगळे आगीत गेले नाहीत

‘मर्टन ऑफ द मूव्हीज’ हा जेम्स क्रूझ यांनी १९२४ मध्ये दिग्दर्शित केलेला विनोदी मूकपट आज हरवलेला मानला जातो. ब्रॉडवेवर गाजलेल्या नाटकावरून तो निघाला होता आणि रंगमंचावरचा मर्टन, म्हणजे ग्लेन हंटर, पडद्यावरही तोच होता. गंभीर नट व्हायला निघालेल्या या दुकानातल्या पोराच्या प्रामाणिक अभिनयाला लोक हसतात, आणि आपण विनोदी चित्रपटात काम करतो आहोत हे त्यालाच ठाऊक नसते.

असे चित्रपट आगीत जळाले, असे सर्रास सांगितले जाते. नायट्रेटची फिल्म, म्हणजे त्या काळची चित्रफीत, भडकन पेटते, गोदामे जळालीही. २००३ मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात चित्रपटांच्या साठ्याला लागलेल्या आगीमुळे आपल्याकडे हा समज अधिकच पक्का झाला. मात्र तो अपुरा आहे. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही, त्यामुळे कंपन्यांनी प्रती मोडीत काढून फिल्मच्या थरातली चांदी वेगळी केली. ज्या प्रती डब्यांत पडून राहिल्या, त्यांतल्या अनेक आधी चिकट झाल्या, मग त्यांवर फोड आले आणि शेवटी तपकिरी भुकटी उरली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार तिथल्या सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. आगीपेक्षा हिशेबाच्या वहीने अधिक नुकसान केले असावे, असे मला वाटते.