दोन खेळ, पण गुडघा एकच

फुटबॉल खेळणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलानं सोबत दुसरा एखादा खेळही खेळावा का? उत्तर शोधायचं तर सुरुवात हाडांपासून करावी लागते. अकरा-बारा वर्षांचा फुटबॉलपटू सरावानंतर टाच दुखते म्हणून लंगडू लागला, की घरचे आधी बुटांना दोष देतात. नवे बूट येतात, दुखणं जात नाही. डॉक्टरांना मात्र हे दुखणं ओळखीचं असतं. ‘सेव्हर्स डिसीज’ असं भारदस्त नाव असलं तरी तो काही रोग नव्हे. या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाशी कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊतीचा, एक थर असतो आणि हाड तिथून वाढत असतं. पोटरीचा स्नायू जाडजूड कंडरेनं नेमका त्याच टोकाला बांधलेला असतो. पळताना, उडी मारताना दर वेळी तिथे ओढ बसते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर येणारा दुखरा उंचवटा, म्हणजे ‘ऑस्गुड-श्लाटर’, हाही त्याच जातीचा. मांडीच्या पुढच्या दणकट स्नायूची कंडरा वाटीवरून उतरून जिथे नडगीला धरते, तो भाग अजून पुरता हाड झालेला नसतो, आणि चेंडूवर जोरात पाय मारला की ओढ तिथेच पोचते. मोठ्या माणसांत अशा ओढीनं बहुधा कंडरा दुखावते. मुलांत कूर्चा दुखावते, कारण त्या जागी तीच सगळ्यांत कमजोर असते.

त्यातच उंचीचा झपाटा सुरू होतो. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलग्यांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगानं वाढते. हाड आधी लांब होतं. त्यात खनिजं भरण्याचं काम काही महिने मागे राहतं. नेमकी याच वयात चांगल्या खेळाडूंची निवड वरच्या संघात होते आणि सराव दुप्पट होतो.

एकाच खेळाचा वाढत्या हाडावर किती ठसा उमटतो, हे खुब्यात स्वच्छ दिसतं. मांडीच्या हाडाचा गोल माथा जिथे मानेला मिळतो, तिथे बऱ्याच फुटबॉलपटूंमध्ये हाडाचा जादा फुगवटा आढळतो. त्याला ‘कॅम’ म्हणतात. पाय आत वळवून वर घेताना तो खुब्याच्या खोबणीला अडतो, आणि पुढे जांघेच्या दुखण्याचं एक कारण ठरू शकतो. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात, बाराव्या वर्षाच्या आतच आठवड्याला चार किंवा अधिक वेळा फुटबॉल खेळू लागलेल्यांमध्ये हा फुगवटा जास्त दिसला. थोडक्यात, हाड वाढतं ते सरावाच्या साच्यातच.

मग दुसरा खेळ नेमकं काय करतो? माझ्या मते त्याचं मोठं काम ताणाची जागा बदलणं हे आहे. हाडाच्या पेशींना तोचतोपणा मानवत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, की एकाच प्रकारचा भार सलग देत राहिलं तर काही डझन आवर्तनांनंतर हाड जवळपास प्रतिसाद देईनासं होतं. काही तासांची उसंत मिळाली की पुन्हा देऊ लागतं. म्हणजे तीच किक शंभर वेळा मारून हाड काही शंभरपट मजबूत होत नाही. कूर्चेवरची ओढ मात्र शंभर वेळा बसते.

कौशल्याच्या बाबतीत जरा सावध राहायला हवं. ‘बास्केटबॉल खेळलास तर फुटबॉल सुधारेल’ हे वाक्य फार सैल हातानं वापरलं जातं. चेंडू पायानं थांबवण्याची कला बास्केटबॉलमधून येत नाही. पण मैदान वाचण्याची थोडीफार येते. २००५ साली नेटबॉल, हॉकी आणि बास्केटबॉलच्या निष्णात खेळाडूंना एकमेकांच्या खेळांतले प्रसंग दाखवून कोण कुठे उभं होतं ते आठवायला सांगितलं गेलं. परक्या खेळातही त्यांना नवख्यांपेक्षा जास्त जागा बरोबर आठवल्या. मोकळी जागा कुठे पडली, बचाव कुठे फाटला, हे पाहायची नजर काही प्रमाणात सोबत येते.

मोठ्या खेळाडूंचं बालपण तपासणारे अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीच्या ‘बुंडेसलिगा’ या अव्वल फुटबॉल लीगमधले ५२ खेळाडू आणि खालच्या पातळीवरचे ५० हौशी खेळाडू यांची तुलना केली होती. राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेल्यांचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं: लहानपणी प्रशिक्षकाशिवाय खेळलेला मनसोक्त फुटबॉल, आणि किशोरवयात इतर खेळांतला जास्त सहभाग. पुढे अनेक खेळांतल्या सहा हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र केल्यावर आणखी मजेशीर गोष्ट दिसली. कुमार गटात चमकणारे बहुधा लवकर सुरुवात करून एकाच खेळाला चिकटलेले होते. प्रौढपणी जगात अव्वल ठरलेल्यांची सुरुवातीची प्रगती त्या मानानं संथ होती आणि त्यांनी इतर खेळही जास्त खेळले होते. चौदा वर्षांखालची स्पर्धा जिंकायची घाई असलेल्या प्रशिक्षकाला हे पचणं कठीण. अर्थात यातून कारण सिद्ध होत नाही. मुळातच चपळ असलेलं मूल चार खेळ सहज खेळतं आणि पाचव्यात नाव काढतं, असंही असू शकतं.

ऑस्ट्रेलियाच्या एलिस पेरीनं २००७ मध्ये, सोळाव्या वर्षी, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतरानं क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही राष्ट्रीय संघांत पदार्पण केलं. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात तिनं स्वीडनविरुद्ध गोलही केला. असं उदाहरण दिसलं की पालकांना हुरूप येतो. पण ती अपवाद आहे, आणि तिनंही पुढे क्रिकेटच निवडलं.

शिवाय जोडी कुठली, हा प्रश्न आहेच. पोहण्यात जमिनीचा दणका नाही, त्यामुळे टाच-गुडघ्याला खरीच सुटी मिळते. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये उड्या इतक्या, की गुडघ्याखाली आधीच दुखत असेल तर त्यात भरच पडेल. वेगवान गोलंदाजी तर जपूनच. गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’चा, म्हणजे वारंवारच्या ताणानं हाडाला बारीक चीर पडण्याचा, धोका असतो आणि फुटबॉलपटूही त्यातून सुटलेले नाहीत, दोन्हींत कंबर मागे वाकते आणि त्याच क्षणी पिळली जाते. फुटसालला, म्हणजे छोट्या मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलला, दुसरा खेळ म्हणून मोजू नये. खेळ छान आहे, पण पाय, किक, वळणं सगळं तेच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तासांचा. २०१५ साली अमेरिकेतल्या सुमारे १,२०० मुलामुलींच्या अभ्यासात दिसलं, की आठवड्याचे खेळाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, की अतिताणाच्या गंभीर दुखापती वाढतात. एकाच खेळाला वर्षातले आठ महिन्यांहून अधिक देण्याचाही असाच संबंध दिसला. आता बारा वर्षांची मुलगी घ्या. फुटबॉलचे दीड-दीड तासांचे तीन सराव आणि दीड तासाचा सामना, एकूण सहा तास. बास्केटबॉलचंही तेवढंच. झाले बारा, शाळेतला खेळाचा तास धरला की मर्यादा ओलांडलीच. दोन्ही प्रशिक्षकांच्या वहीत मात्र सहाच तास लिहिलेले, त्यामुळे दोघांनाही ती ताजीतवानी वाटते. संध्याकाळचे सराव झोपेतूनही वेळ कापतात. २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली होती.

म्हणून एकाच हंगामात दोन्ही खेळ असतील, तर मुख्य कोणता हे आधीच ठरवून दोन्ही प्रशिक्षकांना सांगावं. दुसऱ्या खेळाचा एखादा सराव बुडणार, हे गृहीत धरावं आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवावा. दर तीन महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवली तर झपाटा कधी सुरू झाला ते कळतं. तेवढे महिने किका आणि उड्या कमी कराव्यात. पोहणं, पासिंग, चेंडूवरचा ताबा यांचा सराव चालू ठेवायला हरकत नसते.