रेसला पळतं, स्लोला मरतं

जून उजाडला की आमच्या पोहणाऱ्या मंडळींचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. गेल्या गणपती विसर्जनानंतर गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं बोटीचं इंजिन बाहेर काढायचं, पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या ड्रमच्या काठाला आवळायचं आणि दोरी ओढायची. नाशिकला पूर आला आणि गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली ही मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची खूण) कमरेला लागलं, की त्या दिवशी ते सुरू व्हायलाच हवं, म्हणून ही रंगीत तालीम. इंजिन जुनं, टू-स्ट्रोक, आठ हॉर्सपॉवरचं. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं म्हणून नाव आउटबोर्ड.

यंदा वीसेक झटक्यांनी ते सुरू झालं, पण रेस धरून ठेवली तरच. मूठ सोडली की भुकभुक करून बंद. "प्लग बदला," एकाने सांगितलं. बदलला. तेच. "नवा प्लगच खराब निघाला असेल," दुसरा म्हणाला. मग तिसरा प्लग आला.

वास्तविक इंजिनाने अर्धं उत्तर आधीच दिलं होतं. त्याला तीनच गोष्टी लागतात: ठिणगी, दाब आणि हवा-पेट्रोलचं नीट मिश्रण. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे प्रत्येक प्लगवर सेकंदाला ५० ठिणग्या. सेकंदाला ५० वेळा न चुकणारा प्लग स्लोलाच नेमका का रुसेल? एक शंका मात्र उरते. या इंजिनांत वीज चाकातल्या चुंबकांमुळे तयार होते आणि चाक हळू फिरलं की व्होल्टेज पडतं. म्हणून तर दोरी हळूहळू ओढून उपयोग नसतो, सणसणीत झटका द्यावा लागतो. तेव्हा ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल दुबळी असेल तर तीही स्लोला दगा देऊ शकते. शंका फेडायला साधी युक्ती आहे. इंजिन मरायला लागलं की चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, अर्धा ओढायचा. त्याने सावरलं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय. आणखी लवकर गुदमरलं, तर पेट्रोल आधीच जास्त होतंय किंवा दोष ठिणगीत आहे. आमचं सावरलं. प्लग बिचारे निर्दोष सुटले.

मग रेसला पेट्रोल पुरतं आणि स्लोला का नाही? कारण हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर म्हणजे एक यंत्र नव्हे, दोन. रेस दिली की गळ्यातली झडप उघडते, अरुंद गळ्यातून हवा वेगाने धावते आणि वेग वाढला की तिथला दाब घटतो. त्या कमी दाबामुळे मेन जेटमधून, म्हणजे मोठ्या भोकाच्या तोटीतून, पेट्रोल वर खेचलं जातं. मूठ सोडली की झडप जवळजवळ मिटते, गळ्यातली हवा मंदावते आणि मेन जेट गप्प होतो. पण मिटलेल्या झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, चांगलीच ओढ असते. तिथे एक वेगळं बारीक छिद्र असतं आणि त्याला पेट्रोल पुरवतो तो स्लो जेट. स्लोवर सगळा संसार त्या एका वाटेवर.

जेट खोलून उन्हाकडे धरला. पितळेचा, शेंगदाण्याहून लहान. मधल्या भोकातून उजेड दिसायला हवा होता, दिसला तपकिरी डाग. इतके महिने कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, पण त्यातले जड घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट, वार्निशसारखा थर मागे ठेवतात. मेन जेटच्या मोठ्या भोकाला तो फारसा अडवत नाही. स्लो जेटचं भोक मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, ते पुरतं बुजतं. साफ करायला कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि वायरीतली तांब्याची एक तार. सुई घालू नका, पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की जेट फेकण्याच्या लायकीचा.

यात इथेनॉलचाही हात आहे. उसापासून बनणारं हे अल्कोहोल तेच, जे आपल्या नाशिकच्या वाइनमध्ये असतं, आणि पाण्याशी त्याची जुनी मैत्री आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पावसाळी हवेत उघडं राहिलं की ओल शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासकट तळाशी बसतं, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. जुन्या रबरी नळ्याही ते फुगवतं. शिवाय एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण थोडं 'हलकं' पडतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

टू-स्ट्रोकमध्ये हे हलकेपण फक्त भुकभुकीपुरतं नसतं. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल कमी पोचलं की ऑईलही कमी पोचतं आणि पिस्टन कोरडा घासतो. जेट तुंबलेला ठेवून, स्लोचा स्क्रू पिळून काम भागवणारे कारागीर पाहिले की माझा जीव खालीवर होतो. ऑईलचं प्रमाणही पुस्तिकेतलंच घ्यावं. ५० ला १ म्हणजे पाच लिटरला १०० मिली, पण काही जुन्या मॉडेलांना याच्या दुप्पट लागतं. द्राक्षबागेत टू-स्ट्रोक फवारणी पंप चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

सुरूच न होणाऱ्या किंवा सुरू होऊन लगेच बंद पडणाऱ्या इंजिनाचं कारण बहुतेकदा हास्यास्पद निघतं. स्टॉप स्विचची लाल क्लिप लावलेली नसते, किंवा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असतो. पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि काही मिनिटांत पुरवठा थांबतो. नळीवरचा रबरी फुगा दाबून कडक होत नसेल तर कुठेतरी हवा घुसतेय. चालू इंजिन फुगा दाबत राहिल्यावरच टिकत असेल, तर पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा गेला. आणि थंड असताना छान, गरम झाल्यावर बंद, तासाभराने पुन्हा छान, असं असेल तर कॉइल तपासा.

जेट बसवला, दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. मूठ सोडली, टुकटुक करत राहिलं. बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडत होती, म्हणजे थंड करणारा पंपही शाबूत. ड्रममध्ये पाणी नसताना चालवलं असतं तर त्याचा रबरी पंखा मिनिटभरातच जळायला लागला असता.

यंदा विसर्जनानंतर नळी काढून ठेवायची आणि वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन स्लोवर चालू द्यायचं, असं ठरलंय. संपता संपता मिश्रण हलकं होतं, तेव्हा क्षणभर आवाज आपोआप चढतो, जणू कुणी रेस दिली. नवखा माणूस दचकून स्विच दाबतो. दाबायचं नाही. आवाज चढतो, मग खाली येतो आणि इंजिन स्वतःच थांबतं. वाटी रिकामी झालेली असते.