माच्चा

माच्चा : सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची दगडी जात्यावर दळलेली जपानी पूड आणि ती गरम पाण्यात घुसळून केलेले पेय. मराठीत ‘माचा’ असेही लिहितात. जपानी उच्चारात ‘च’ दुहेरी आहे. इतर चहात पानांचा अर्क पाण्यात उतरतो आणि चोथा टाकून दिला जातो. इथे गाळण्याचा प्रश्नच नाही, दळलेले पान सगळेच्या सगळे पोटात जाते. त्यामुळे मळ्यात, भट्टीत, जात्यावर किंवा घरच्या वाडग्यात झालेली हयगय थेट जिभेला कळते. चांगला माच्चा एवढा महाग का, याचे उत्तरही याच टप्प्यांत आहे.

सावली

झुडूप तेच, आसाम-दार्जिलिंगच्या मळ्यांत असते ते, कॅमेलिया सायनेन्सिस. जपानमध्ये त्याचा बारीक पानांचा, थंडी सोसणारा प्रकार लावतात. वसंतात कोंब फुटू लागले की मळा झाकायला घेतात. क्योतोजवळच्या उजीतली जुनी रीत अशी : मळ्यावर मांडव घालायचा, त्यावर बोरूच्या चटया अंथरायच्या आणि काही दिवसांनी चटयांवर भाताचा पेंढा पसरून उजेड आणखी तोडायचा. आज बहुतेक मळ्यांवर काळी शेडनेट असते. झाकण साधारण २० ते ३० दिवस राहते आणि शेवटच्या टप्प्यात जेमतेम पाच टक्के उजेड पानांपर्यंत पोहोचतो.

चवीचा पाया इथेच पडतो. चहाच्या मुळांत थिॲनिन नावाचे अमिनो आम्ल तयार होते आणि ते पानांत चढते. ऊन मिळाले तर पानात त्यापासून तुरट-कडू कॅटेचिने बनत जातात. ऊन तोडले की ही क्रिया मंदावते, थिॲनिन पानात टिकून राहते आणि जिभेला ती मांसल, रेंगाळणारी गोडी लागते जिला जपानी लोक ‘उमामी’ म्हणतात. उजेडासाठी आसुसलेले पान अधिक हरितद्रव्य तयार करते, पातळ आणि रुंद होते. पुडीचा झळझळीत हिरवा रंग त्यामुळेच. सावलीतल्या चहाला एक खास वासही येतो, कोवळे मटार आणि समुद्रशेवाळ यांच्या मधला. त्याला ‘ओओइका’, म्हणजे झाकणीचा गंध, असे नाव आहे. डबा उघडताच हा वास आला नाही तर पुढे फार अपेक्षा ठेवू नये.

उत्तम माच्चा एप्रिलअखेर ते मे महिन्यातल्या पहिल्या तोडणीचा असतो. सर्वांत वरच्या प्रतीसाठी झुडपे छाटून सपाट न करता मोकळी वाढू देतात आणि वर्षातून एकदाच हाताने खुडतात. सामिदोरी, आसाही, उजीहिकारी, गोको, ओकुमिदोरी या वाणांची नावे डब्यावर दिसू लागली की विकणाऱ्याला आपल्या मालाची ओळख आहे असे समजायला हरकत नाही. उजीखेरीज आइची प्रांतातील निशिओ, फुकुओकातील यामे, शिझुओका आणि अलीकडे झपाट्याने वाढलेला दक्षिणेचा कागोशिमा हे मुख्य प्रदेश आहेत.

भट्टी आणि जाते

खुडलेली पाने लगेच १५ ते २० सेकंद वाफवतात. पान काळे पाडणारी विकरे (एन्झाइम) वाफेने निकामी होतात आणि हिरवा रंग टिकतो. मग ओली पाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून उंच जाळीच्या पिंजऱ्यांत हवेच्या झोताने उडवतात आणि विटांच्या लांब भट्टीतून सरकत्या पट्ट्यावर वाळवतात. रोजचा जपानी चहा सेन्चा वाळवताना पाने मळतात, वळतात. इथे मळत नाहीत. कुरकुरीत झालेल्या पानांतून देठ आणि शिरा काढल्यावर जे पापुद्रे उरतात त्यांना ‘तेन्चा’ म्हणतात. तेन्चा दळला की माच्चा. उन्हातला सेन्चा दळून केलेली हिरवी पूड याच नावाने सर्रास विकली जाते, पण तिच्यात ती गोडी येणे शक्य नाही.

जाते ग्रॅनाइटचे. ज्या मराठी घरात जाते फिरलेले आहे तिथे त्याची रचना वेगळी सांगायला नको : खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, मध्ये घास टाकायचे तोंड. जपानी जाते मात्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्याच्या खाचा मध्यापासून कडेकडे उथळ होत जातात आणि अगदी कडेला सपाट पट्टा येतो. खरे बारीक दळण त्या पट्ट्यावरच होते. तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड पडते, म्हणजे एक लहान डबा. वेग वाढवला तर दगड तापतो, गंध उडतो आणि रंग मळकट होतो, म्हणून घाई करण्यात अर्थ नसतो. खाचा झिजल्या की टाकी लावावी लागते आणि ती लावणारा हात तयार व्हायला वर्षे जातात. अशा पुडीचे बहुतेक कण ५ ते १० मायक्रॉनचे असतात. चिमूट बोटांत चोळली तर रवाळपणा मुळीच लागत नाही. वस्त्रगाळ चूर्णापेक्षाही ती मऊ, आणि त्वचेच्या रेषांत जाऊन बसते. आइस्क्रीम, केक यांसाठीची पूड यंत्रावर दळतात; त्या कामाला ती पुरेशी आहे.

इतिहास

पूड घुसळून पिण्याची पद्धत सोंग राजघराण्याच्या काळातल्या चीनमधली. जपानचे झेन बौद्ध भिक्षू एइसाई ११९१ मध्ये चीनहून परतले तेव्हा त्यांनी चहाचे बी आणले असे मानतात. १२११ मध्ये त्यांनी चहाच्या औषधी गुणांवर ग्रंथ लिहिला. क्योतोच्या कोझान-जी मठातील भिक्षू म्योए यांच्याकडे हे बी गेले आणि तिथून लागवड उजीत पसरली. चीनमध्ये मिंग सम्राट होंगवू यांनी १३९१ मध्ये वड्यांच्या चहाचा (पूड या वड्या दळूनच करत) नजराणा बंद केला, सुट्या पानांचा चहा रूढ झाला आणि पूड मागे पडली. जपानने ती जपली. मुराता जुको, ताकेनो जोओ आणि सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी तिच्याभोवती ‘चानोयू’ हा चहापानाचा साधा विधी उभा केला. जपानमधील जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांची मोहीम तेव्हा गोव्याच्या अखत्यारीत होती. तिच्यातले जोआंव रोद्रीगेश यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आपल्या लेखनात उजीचे झाकलेले मळे वर्णिले आहेत.

प्रत कशी ओळखावी

‘सेरेमोनियल ग्रेड’ हे शब्द डब्यावर मोठ्या अक्षरांत असतात, पण जपानमध्ये अशी कोणतीही सरकारी प्रतवारी नाही. तिथले व्यापारी माल उपयोगावरून सांगतात : कोइचासाठी म्हणजे दाट चहासाठी, उसुचासाठी म्हणजे पातळ चहासाठी, आणि मिठाई-प्रक्रियेसाठी. जुन्या चहाघरांच्या मिश्रणांची नावे पाहिली तर ‘मुकाशी’ने संपणारे नाव बहुधा कोइचाचे आणि ‘शिरो’ने संपणारे उसुचाचे असते. हा नियम नव्हे, रिवाज आहे. तरी खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो.

घटकांत ‘चहा’ सोडून काहीही लिहिलेले असेल, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, दूधपावडर, तर तो डबा परत ठेवावा. पूड पांढऱ्या कागदावर बोटाने ओढून पाहावी. चांगली पूड लांब, एकसारखी, झळझळीत रेघ उमटवते. भरड पूड मध्येच तुटते. पिवळट किंवा शेवाळी झाक म्हणजे ऊन लागलेले पान, उशिराची तोडणी किंवा शिळा माल. फक्त कडवट आणि गवतासारखी चव ही माच्चाची ओळख नव्हे, हलक्या मालाची आहे. बहुतेकांनी पहिल्यांदा तोच प्यायलेला असतो आणि म्हणून हा चहा आवडत नाही असे ठरवलेले असते.

घुसळण

उसुचासाठी २ ग्रॅम पूड आणि ६० ते ७० मिली पाणी. ‘चाशाकु’ या बांबूच्या चमच्याचे दोन भरगच्च घास, किंवा घरातला एक सपाट चहाचा चमचा. अंदाज नको असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यावा.

पूड चाळूनच घ्यावी. इतके बारीक कण विजेच्या भाराने एकमेकांना धरून बसतात. न चाळता पाणी ओतले तर गुठळीचा बाहेरचा थर भिजतो, आत कोरडी पूड राहते आणि नंतर कितीही घुसळले तरी ती फुटत नाही. पाणी ७५ ते ८० अंश सेल्सिअस. आधण आलेले पाणी थेट ओतले की कॅटेचिने आणि कॅफीन पटकन सुटतात, गोडी दबते आणि कडूपणा वर येतो. तापमापक नसेल तर उकळलेले पाणी एका थंड भांड्यात ओतावे, तिथून दुसऱ्यात. दर ओतण्याला सुमारे दहा अंश उतरतात. जपानचे पाणी बहुतांशी मऊ आहे. बोअरच्या जड पाण्यात चव बोथट होते आणि वर साय धरते; अशा गावी फिल्टरचे पाणी वापरावे.

वाडगा रुंद तळाचा हवा, आतून ११-१२ सेंटिमीटर तरी. उभ्या मगात हात चालत नाही आणि फेस येत नाही तो त्यामुळे. घुसळणी ‘चासेन’ बांबूच्या एकाच तुकड्यातून चिरून काढलेली असते, ८० ते १२० काड्यांची. नारा प्रांतातले ताकायामा गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. वापरण्याआधी काड्या गरम पाण्यात बुडवून मऊ कराव्यात, कोरड्या काड्या तुटतात. त्याच पाण्याने वाडगा गरम होतो. पाणी टाकून वाडगा अगदी कोरडा पुसावा आणि मगच पूड घालावी.

पाणी घातल्यावर चासेन तळाशी हळू फिरवून पूड सोडवावी, मग जरा वर उचलून मनगटाने पुढे-मागे जलद मारावी. ताक घुसळताना रवी गोल फिरते, तशी इथे फिरवली तर पाणी नुसते भोवऱ्यासारखे फिरते, हवा आत शिरत नाही. १५ ते २० सेकंदांत फेस धरतो. मग वेग कमी करून वरचे मोठे बुडबुडे काड्यांच्या टोकांनी फोडावेत, एक शांत वळसा घ्यावा आणि मध्यातून चासेन उचलावी. चहाविधीच्या उरासेन्के घराण्यात पृष्ठभाग फेसाने पूर्ण झाकतात; ओमोतेसेन्के घराण्यात फेस कमी ठेवून हिरव्या पाण्याची चंद्रकोर दिसू देतात. फेस जाड झाला म्हणजे चहा उत्तम असे मुळीच नाही.

कोइचाला माणशी ४ ग्रॅम पूड आणि ३० ते ४० मिली पाणी लागते. तो घुसळत नाहीत, मळतात. पातळ केलेल्या मधासारखा ओघळला पाहिजे. हलकी पूड इथे तोंडात घेववत नाही.

दुधाबरोबर प्यायचा असेल तर आधी ३०-४० मिली पाण्यात दाट घोळ करून मग दूध घालावे. दुधातली प्रथिने तुरटपणा बांधून टाकतात, त्यामुळे नाजूक प्रतीचा माल त्यात वाया जातो. मध्यम, ठसठशीत पूड बरी. आपल्या सवयीने दुधात घालून उकळी आणू नये, रंग तपकिरी पडतो आणि वास शिजवलेल्या पालेभाजीसारखा येतो.

साठवण आणि मात्रा

उजेड, उष्णता, हवा आणि दमट हवामान, चारही पुडीचे वैरी. बंद डबा फ्रिजमध्ये ठेवावा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. कोकणातल्या पावसाळ्यात थंड डबा उघडला तर क्षणात आत दव धरते आणि पूड गोळा होते. उघडलेला डबा महिनाभरात संपवावा, म्हणून २० किंवा ३० ग्रॅमचाच घ्यावा. चासेन साबणाविना धुऊन उघड्यावर पूर्ण वाळवावी. ओली असताना डबीत बंद केली की बुरशी येते.

२ ग्रॅम पुडीत सुमारे ६० मिलिग्रॅम कॅफीन असते. संध्याकाळनंतर तो झोप उडवू शकतो. चहातली कॅटेचिने अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात, तेव्हा रक्त कमी असलेल्यांनी जेवणाच्या आगेमागे तासभर तो टाळावा. रिकाम्या पोटी अनेकांना मळमळते. जपानी रिवाजात गोड पदार्थ आधी खाऊन संपवतात आणि मग चहा घेतात, त्यामुळे पोटालाही आधार मिळतो आणि चहातली गोडी अधिक उठून लागते.

पूड पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगत राहते आणि काही मिनिटांत तळाशी बसू लागते. म्हणून वाडगा हातात आला की तीन-चार घोटांत संपवावा. शेवटचा घोट जपानमध्ये थोडा आवाज करून ओढून घेतात, त्याने तळाचा फेसही तोंडात येतो आणि चहा संपल्याचे यजमानाला कळते.