सावली वेगळी, सांदीतला अंधार वेगळा

गेममधली खुर्ची जमिनीवर टेकलेली न वाटता तरंगल्यासारखी दिसली की बहुतेक जण सेटिंग्जमध्ये जाऊन 'शॅडो क्वालिटी' अल्ट्रावर नेतात. मीही नेली होती. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडला आणि खुर्ची तरंगतच राहिली. बंद होतं ते खालच्या ओळीतलं 'अँबियंट ऑक्लूजन'.

दोन्हींमुळे चित्रात काळोख येतो, म्हणून गल्लत होते. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी फरशीवर तांब्या ठेवून बघा. सावली अशी पडतच नाही, तरी त्याच्या बुडाशी बारीक काळी रेघ असते, कारण आभाळातून चहूकडून येणारा उजेड त्या सांदीत पोचत नाही. हे ऑक्लूजन. ऊन आलं की तांब्याची आकृती फरशीवर उमटते, ती सावली.

सावलीसाठी गेम सूर्याच्या जागेवरून फक्त अंतरांचं एक चित्र काढतो. हा शॅडो मॅप. युक्ती संगणक-चित्रणातले संशोधक लान्स विल्यम्स यांची, १९७८ मधली. पडद्यावरचा एखादा ठिपका त्यात नोंदलेल्या अंतरापेक्षा लांब निघाला, तर मध्ये काहीतरी आडवं आलंय, म्हणजे तो सावलीत. आता १०० मीटरच्या मैदानावर २०४८ × २०४८ चौकोनांचा मॅप ताणला, तर एका चौकोनाच्या वाट्याला जवळपास ५ सेंटिमीटर जमीन येते आणि सावलीची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. क्वालिटी वाढवली की मुख्यतः हे चौकोन बारीक होतात. ४०९६ केलं तर मेमरी मात्र चौपट लागते.

ऑक्लूजनला सूर्याशी देणंघेणं नाही. २००७ च्या 'क्रायसिस' या गेमपासून रुळलेली पद्धत प्रत्येक ठिपक्याच्या आसपास चाचपते आणि जागा जेवढी अडलेली, तेवढा उजेड कमी करते. पण तिला पडद्यापुरतंच दिसतं. कॅमेरा फिरवताना कपाट पडद्याबाहेर गेलं की भिंतीवरचा त्याचा काळोखही गायब! काही गेममध्ये तर वस्तूंभोवती काजळी फासल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा बंद केलेलं बरं.

सूर्य फिरणारा गेम असेल तर दुपारची संध्याकाळ होऊ द्या. सरकेल ती सावली, जागचं हलणार नाही ते ऑक्लूजन.

ऑक्लूजन चालू असूनही सावली खुर्चीच्या पायांपासून सुटलेली दिसली, तर तो बायसचा घोळ. पृष्ठभागावर स्वतःच्याच सावलीचे पट्टे उमटू नयेत म्हणून अंतराच्या तुलनेत थोडी सूट देतात, ती इथे जास्त झालेली असते. ते सहसा गेम बनवणाऱ्यांनीच निस्तरायचं. माझ्या लॅपटॉपवर आता शॅडो मीडियम, ऑक्लूजन चालू, आणि खुर्ची जमिनीवर.